शेवटचा भाग कपाटात हवा

वाचकाचे समाधान करणाऱ्या शेवटाकडे मराठी समीक्षेने फार दिवस नाक मुरडले आहे. कादंबरी दुःखात बुडाली, अर्ध्यावर तुटली किंवा धूसर होत विरून गेली की तिला गंभीर म्हणायचे. नायक-नायिका एकत्र आली, सुरुवातीला पडलेले कोडे सुटले आणि दुष्टाला त्याची जागा दाखवली गेली की तिला करमणूक म्हणून बाजूला सारायचे, असा आपला सरसकट हिशेब आहे. प्रौढ वाचकांपुरता तो चालून जातो, कारण ते आपली पुस्तके आपल्या पैशाने आणतात आणि समीक्षकांना विचारायला जात नाहीत. तोच हिशेब वाचनालयाच्या ग्रंथखरेदी समितीत शिरला की मात्र त्याचा भुर्दंड 13 ते 18 वर्षांच्या वाचकाला बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीच्या पट्ट्यात वाचनालय हीच अनेक मराठी घरांची पुस्तकांशी गाठ घालून देणारी एकमेव जागा आहे, म्हणून हा प्रश्न सार्वजनिक ठरतो. देवदूतांच्या प्रेमकथांसारख्या, किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या अद्भुत मालिका आपल्या वाचनालयांनी घ्याव्यात का, आणि घेतल्या तर शेवटच्या भागापर्यंत घ्याव्यात का? दोन्हींना माझे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि दुसरे होय पहिल्यापेक्षा अधिक ठाम आहे.

इंग्रजीत 2009 पासून पुढची चार-पाच वर्षे देवदूतांच्या प्रेमकथांची लाट आली होती. त्याआधी रक्तपिपासू पिशाच्चांच्या प्रेमकथांनी बाजार गाजवला होता आणि प्रकाशकांना नवा अलौकिक प्रियकर हवा होता, हे त्यामागचे रोकडे कारण नाकारण्यात अर्थ नाही. त्या लाटेतील एक गाजलेली मालिका म्हणजे लॉरेन केट या अमेरिकी लेखिकेची ‘फॉलन’. तिचे चार मुख्य भाग, ‘फॉलन’, ‘टॉर्मेंट’, ‘पॅशन’ आणि ‘रॅप्चर’, 2009 ते 2012 या काळात दर वर्षी एक याप्रमाणे आले. मी तिचेच उदाहरण घेते, कारण तिच्या शेवटाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि तिच्या दोषांविषयीही. ज्यांना ही मालिका अजून वाचायची आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद खुशाल गाळावेत. शेवटाविषयीचा लेख शेवट लपवून लिहिता येत नाही.

ल्यूस ही 17 वर्षांची मुलगी एका मुलाच्या आगीतील मृत्यूचा संशय डोक्यावर घेऊन अमेरिकेतील सव्हाना शहराजवळच्या सुधारणागृहवजा निवासी शाळेत येते आणि तिथे डॅनियल नावाचा मुलगा तिला ओळखीचा वाटतो, तर तो तिला हिडीसफिडीस करतो. कारण पुढे उलगडते. डॅनियल स्वर्गातून पडलेला देवदूत आहे. ल्यूस शापामुळे पुन्हा पुन्हा जन्म घेते, दर जन्मी 17 व्या वर्षाच्या सुमारास त्याला भेटते, त्याच्या प्रेमात पडते आणि त्या प्रेमानेच जळून मरते. त्याला मात्र सगळे जन्म आठवतात. या जन्मी तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे आता मेली तर ती परत येणार नाही. तिसऱ्या भागात ती स्वतःच्या मागच्या जन्मांत शिरते, 1941 च्या मॉस्कोपासून थेट प्राचीन इजिप्तपर्यंत. बायबलच्या चौकटीत बसवलेली ही पुनर्जन्माची साखळी मराठी वाचकाला परकी वाटू नये. आपल्याकडे शाप आणि जन्मांतर ही दोन पात्रे नसतील तर निम्म्या पुराणकथा उभ्याच राहणार नाहीत.

चौथ्या भागात बंडखोर देवदूतांचा म्होरक्या लुसिफर, म्हणजे सैतान, याचा बेत उघड होतो. देवदूतांच्या मूळ पतनाची घटना पुन्हा घडवून मधला सगळा इतिहास पुसून टाकायचा, असे त्याच्या मनात आहे. इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात बंडखोर देवदूत नऊ दिवस खाली कोसळत राहतात. तीच नऊ दिवसांची मुदत इथे नायक-नायिकेला मिळते. त्या मुदतीत व्हेनिस, व्हिएन्ना आणि अविन्यों या शहरांत दडवलेल्या तीन प्राचीन वस्तू शोधायच्या, पतनाचे मूळ ठिकाण ठरवायचे, आणि त्याहून अवघड म्हणजे ल्यूसने आपले पहिले रूप आठवायचे. ते आठवते तेव्हा पहिल्या तीन भागांतील कितीतरी प्रसंगांचा अर्थ उलटतो. शापाची बळी म्हणून आपण जिच्याकडे पाहत होतो ती मुलगी मुळात स्वतः देवदूत होती. लुसिफर तिचा पहिला प्रियकर होता आणि तिने त्याला सोडून डॅनियलची निवड केली होती. देवाच्या सिंहासनासमोर दोघांना पुन्हा पर्याय दिला जातो. ती दोघे स्वर्गही निवडत नाहीत आणि लुसिफरही निवडत नाहीत, एकमेकांना निवडतात, आणि त्याची किंमत म्हणून अमरत्व जाते, पंख जातात, हजारो वर्षांची आठवण जाते. त्यानंतरच्या अखेरच्या पानांत दोन सामान्य तरुण एका कॉलेजात परस्परांना जणू पहिल्यांदाच भेटतात. वाचकाला सगळे ठाऊक आहे, त्या दोघांना काहीही नाही.

हा शेवट समाधान देतो, आणि का देतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण ‘गोड शेवट’ असे म्हणून त्याची बोळवण केली की त्यातली कारागिरी दिसेनाशी होते. पहिल्या भागात विचारलेला प्रश्न असा होता की प्रत्येक जन्मी मरणाऱ्या या मुलीच्या नशिबात निवड नावाची गोष्ट आहे की नाही. शेवट त्याच प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्या कुठल्या सोप्या प्रश्नाचे देत नाही. शिवाय ते उत्तर फुकट मिळत नाही. पात्रांना जे हवे होते ते मिळते, पण त्यांच्याकडे जे सर्वांत मोठे होते ते देऊन. समाधानकारक शेवट आणि खुशामतखोर शेवट यांतला भेद माझ्या मते इथे आहे: खुशामतखोर शेवटात कोणाचे काहीच जात नाही. किशोरवयीन वाचकाला हा भेद मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. कोणी आपल्याला गृहीत धरले आहे की नाही याबाबत त्या वयाचे नाक फार तिखट असते.

आता दोष. पालक या पुस्तकांवर घेतात ते आक्षेप सगळेच खोटे नाहीत. पहिल्या भागातला डॅनियल नायिकेला काही सांगत नाही, तिच्या भल्याचे काय ते आपणच ठरवतो, आणि या तुसडेपणाला कथा खोल प्रेमाचे लक्षण म्हणून सजवते. हजारो वर्षे जगलेला पुरुष आणि 17 वर्षांची मुलगी यांच्यातील नाते बरोबरीचे कसे असेल, हा प्रश्न कोणत्याही आईने विचारावा असाच आहे. तिसरा भाग मागच्या जन्मांतून इतका भटकतो की त्यातले दोन-तीन जन्म गाळले असते तर कोणी तक्रार केली नसती. प्रकाशनव्यवसायाची हावही सुटत नाही: मालिका 2012 मध्ये संपल्यानंतर 2015 मध्ये कॅम या दुय्यम पात्रावर आणखी एक कादंबरी आली. चित्रपट आला तो पहिल्या भागावर, 2016 मध्ये, आणि मोठ्या पडद्यावर कथा तिथेच थांबली.

पण यातल्या सर्वांत गंभीर आक्षेपाचे उत्तर मालिकेतच आहे, आणि ते चौथ्या भागात आहे. नायिका अंधारात ठेवली गेली होती हे तिथे उघड म्हटले जाते, आणि निर्णयाची वेळ येते तेव्हा निवड करणारी तीही असते. म्हणजे पहिला भाग वाचून ज्या मुलीच्या मनात ‘गप्प बसणारा, सगळे लपवणारा मुलगा म्हणजे खरा प्रेमी’ अशी चुकीची समजूत बसण्याची भीती आहे, ती दुरुस्त करण्याची सोय शेवटच्या भागात केलेली आहे. ही दुरुस्ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. तरीही पहिले दोन-तीन भाग कपाटात ठेवून चौथा न ठेवणारे वाचनालय नकळत नेमका रोग वाटते आणि औषध आवरते, एवढे मात्र म्हणणे भाग आहे.

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयात मी हे समोर घडताना पाहिले. दहावीच्या गणवेशातली एक मुलगी याच प्रकारच्या एका मालिकेचा तिसरा भाग परत द्यायला आली होती. पुस्तकाचा कणा खाकी चिकटपट्टीने बांधलेला, आतल्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांची दाटी. तिने चौथा मागितला. ग्रंथपालांनी वही न उघडताच सांगितले, “चौथा नाही बाळ, तिसऱ्यापर्यंतच आलेत. देणगीतले ते.” मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग हा तिसरा तरी कशाला ठेवलासा?” ग्रंथपाल भले गृहस्थ होते, त्यांना उत्तर सुचले नाही, पुण्याला घर हलवताना कोणीतरी दोन पेट्या पुस्तके देऊन गेले होते आणि त्यांत जे होते ते कपाटात लागले होते. मुलीने पुढे काय केले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. तिने फोनवर शेवट शोधला असेल आणि कोणीतरी पाच ओळींत लिहिलेला सारांश वाचला असेल.

सारांश वाचून काय झाले ते समजते, पण समाधान मिळत नाही, आणि या दोहोंतले अंतर हाच साहित्याचा प्रांत आहे. पाच ओळींत ‘दोघे मर्त्य होतात व पुन्हा भेटतात’ एवढे कळते. नऊ दिवसांची धावपळ, जिवाला जीव देणाऱ्या मित्रांचे हकनाक जाणे, ‘आता सगळे विसरावे लागणार’ ही धास्ती, यांतून गेल्याशिवाय त्या भेटीला वजन येत नाही. दीड हजार पाने वाचायची चिकाटी दाखवलेल्या मुलीला आपण सारांशावर पाठवतो आणि मग सभेत उभे राहून म्हणतो की आजच्या मुलांना सगळे झटपट हवे असते.

आपली परंपरा याबाबत आपल्यापेक्षा शहाणी होती. पोथीचे पारायण हाती घेतले की ते मध्येच सोडू नये, समाप्ती करावी, हा घरोघरीचा दंडक होता. ग्रंथाच्या शेवटी फलश्रुती असे आणि ती ऐकल्याशिवाय उठण्याची पद्धत नव्हती. ज्ञानेश्वरी वाचणारा पसायदानापाशी येतो तेव्हा नऊ हजार ओव्यांच्या अखेरीस काहीतरी मागण्याचा अधिकार त्याला मिळालेला असतो. नाट्यशास्त्रकारांनी तर कथानकाच्या पाच संधी सांगताना शेवटच्या निर्वहण संधीत विखुरलेले सगळे धागे एकत्र यावेत आणि तिथे अद्भुत रस असावा, असे स्पष्ट बजावले आहे. सुखान्त शेवट हा पाश्चात्त्य बाजाराचा माल आहे, असे जे म्हणतात त्यांनी भरताचे हे वचन एकदा नजरेखालून घालावे.

आणि अलौकिक प्रेमकथेचे म्हणाल तर तिचा मराठी रंगभूमीवरील अवतार याच मातीतला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले, बेळगावला सरकारी नोकरीत होते, आणि 1880 मध्ये पुण्यात त्यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाची सुरुवात आपण जिथून मोजतो त्या नाटकाचे कथानक बाहेरून पाहा. नायिका अप्सरेची मुलगी. एका ऋषीच्या शापामुळे नायक तिला साफ विसरतो. खुणेची अंगठी पाण्यात पडते, माशाच्या पोटातून परत येते. नायक स्वर्गाच्या बाजूने दानवांशी लढून इंद्राच्या रथातून परतत असताना हेमकूट पर्वतावरच्या आश्रमात उतरतो. तिथे सिंहाच्या छाव्याचे दात मोजायला निघालेला एक मुलगा दिसतो. त्याच्या हातातला गळून पडलेला ताईत आईवडिलांखेरीज दुसऱ्या कोणी उचलला तर साप होऊन डसतो, आणि राजाने उचलला तर तसे काहीच होत नाही. आजच्या प्रकाशकाच्या हाती हे हस्तलिखित पडले तर तो त्याच्यावर कोणता शिक्का मारील हे सांगायला नको.

अर्थात कालिदास आणि अमेरिकी बाजारातील कादंबरी एका मापाने मोजावी असे मी सुचवत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. मला रचनेविषयी बोलायचे आहे. शाकुंतलाचा शेवट समाधान देतो कारण पाचव्या अंकात भर दरबारात झालेला अपमान तो विसरत नाही. सातव्या अंकात राजाला शकुंतलेच्या पायांवर डोके ठेवावे लागते आणि मगच सगळे सुरळीत होते. विसरणे, ओळख पटणे आणि मधल्या काळाची किंमत चुकती होणे हा तिथला आराखडा आहे, आणि देवदूतांच्या मालिकेतही थोड्या उलट क्रमाने तोच आहे: तिथे ओळख पटते, किंमत चुकती होते आणि त्यानंतर विसरणे येते. हा दुवा आठवी-नववीच्या मुलांपुढे कोणी ठेवला तर शाकुंतल त्यांना अभ्यासक्रमातल्या धड्यापेक्षा जवळचे वाटेल, यात मला शंका नाही. पण तो ठेवण्यासाठी शिक्षकाने मुलांच्या दप्तरातले पुस्तक जप्त करण्याऐवजी निदान चाळलेले असावे लागते.

इथे सीमाभागातला खरा अवघड आक्षेप येतो. तो असा की मराठी वाचनालयाचा पैसा मराठी पुस्तकांवरच खर्च झाला पाहिजे. आधीच आपली भाषा इथे कोंडीत आहे, त्यात इंग्रजी प्रेमकथांचे लाड कशाला? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथल्या मराठी संस्था कशा तगल्या हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पै-पैचा हिशेब का करावा लागतो ते कळते. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते, पण तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. कर्नाटकाचा 1965 चा कायदा ग्रंथालय उपकर गोळा करतो आणि त्यातून शासकीय ग्रंथालये चालवतो. या दोहोंच्या मधल्या फटीत आपली जुनी वाचनालये वर्गणी, देणग्या आणि सभागृहाचे भाडे यांवर दिवस काढतात. अशा ठिकाणी एका मालिकेच्या चार भागांना लागणारे पैसे ही क्षुल्लक रक्कम नव्हे.

तरीही मी खर्चाच्या बाजूने बोलते, कारण बेळगावातील मराठी घरांतली आजची किशोरवयीन पिढी मोठ्या प्रमाणात इंग्रजी माध्यमात शिकते. घरी मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड, वर्गात इंग्रजी, पडद्यावर हिंदी असा तिचा दिवस जातो. मराठी वाचणे तिला येते, पण सराव नसल्याने मराठी कादंबरीचे पहिले पान तिला दमवते. ही मुले वाचनालयाच्या दारात कशासाठी येतील? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी येतील आणि परीक्षा झाली की जातील. गोष्टीसाठी येणारे मूल मात्र परत परत येते, कारण गोष्टीला पुढचा भाग असतो. इंग्रजी पुस्तक मागायला आलेली मुलगी ते मराठीतच मागते, त्याविषयी मैत्रिणीशी मराठीत भांडते, नायिकेने त्या मुलाला कधीच सोडायला हवे होते की नाही यावर मराठीत मत देते. ग्रंथपाल जाणता असेल तर तिसऱ्या भागासोबत तो तिच्या हातात एखादे मराठी पुस्तकही ठेवू शकतो, पण त्यासाठी ती आधी समोर उभी असावी लागते. दुपारच्या वेळी आपल्या वाचनालयांत डोकावले तर वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी दिसतात. त्यांचे वाचन मोलाचेच आहे, पण पुढच्या 30 वर्षांचे सभासदत्व त्यांच्या भरवशावर टिकणार नाही, हे तेही मान्य करतील.

दुसरी गोष्ट अशी की मराठीत या वयासाठी संपणारी मालिका शोधायला जावे तर हाती फारसे लागत नाही. आपला फास्टर फेणे कितीही साहसे केली तरी वयाने वाढत नाही, आणि त्याच्या चाहत्यांना ते चालते, कारण ते 10-12 वर्षांचे असतात. किशोरवयाचे सर्वांत अस्सल चित्रण करणाऱ्या प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथा तर याच परिसरातल्या. तिथले कानडी वळणाचे मराठी वाचताना बेळगावकराला आपल्याच गल्लीत फिरल्यासारखे वाटते, आणि लंपन व सुमी यांच्यातले न बोललेले काहीतरी हे आपल्या भाषेतील किशोरवयीन प्रेमाचे सर्वांत नाजूक रूप आहे असे मी मानते. पण त्या कथा आहेत, एकेकट्या पूर्ण, आणि त्यांचे मोठेपण मोठ्या वाचकाला अधिक उमगते, कारण त्यांत मागे वळून पाहणे आहे. 15 वर्षांच्या मुलाला मागे वळून पाहायचे नसते, त्याला पुढे काय होणार याची तहान असते. नायकाबरोबर तीन-चार वर्षे वाढत जाऊन एका निर्णयाशी येऊन थांबणारी मालिका मराठीत कोणी लिहिली, तर तिला इथे वाचक मिळतील. तिच्यात देवदूतच असावेत असे नाही. यक्ष, गंधर्व, शापित अप्सरा, खानापूरच्या जंगलातली देवराई, गावाच्या वेशीवरचा राखणदार, असा ऐवज आपल्या दाराशी पडून आहे.

देवदूत तरी इथे परके कुठे आहेत म्हणा. बेळगावच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळांत शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांना गॅब्रिएल आणि मायकेल ही नावे ठाऊक आहेत, शेजारच्या मुसलमान घरात फरिश्त्यांचा उल्लेख सहज होतो, आणि खानापूर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तर ते घरचेच आहेत. ‘हे आपल्या संस्कृतीतले नाही’ असे म्हणताना कोणाची संस्कृती आपण मोजणीतून वगळतो, याचा विचार निदान या जिल्ह्यात तरी व्हायला हवा.

पालकांच्या भीतीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सहसा कोणी उघड बोलत नाही. आपल्याकडे 16 वर्षांच्या मुलीशी प्रेम या विषयावर बोलण्याची सोय कोणत्याच घरात नसते. जात, भाषा, गाव, सगळीकडे तारा लावलेल्या आहेत, आणि मराठी-कन्नड सीमेवर त्या अधिकच ताणलेल्या आहेत. निषिद्ध प्रेम, दोन गोटांतले वैर आणि त्यात अडकलेली दोन माणसे ही देवदूतांच्या कथेची मूळ मांडणी या मुलांना विनाकारण जवळची वाटत नाही. स्वर्ग आणि नरक यांच्या भांडणाच्या आडून त्यांना आपल्या गल्लीचा विचार करता येतो, तोही कोणाचे नाव न घेता, कोणावर संशय न येता. असा सुरक्षित आडोसा कथेने द्यायचा नाही तर कोणी द्यायचा? आणि त्या विचारात ‘प्रत्येक निवडीला किंमत असते, ती ओळखून मग निवड’ हा भाग येतो तो शेवटाकडे. पुस्तक अर्ध्यावर सोडलेल्या मुलीला फक्त ओढ भेटते, किंमत भेटतच नाही.

जाता जाता एक कडवट गोष्ट. ज्या प्रदेशाचा प्रश्न 1956 पासून लोंबकळतो आहे, ज्याच्यावर 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि एका बाजूने तो नाकारला, ज्याचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तिथल्या मोठ्या माणसांनी मुलांना ‘शेवट काही महत्त्वाचा नसतो’ असे सांगावे, हे जरा विचित्रच दिसते.

मग करायचे काय? खरेदीचा साधा नियम असा असावा की मालिका घ्यायची तर पूर्ण घ्यायची, नाहीतर घ्यायचीच नाही. देणगीत अर्धवट संच आला तर उरलेले भाग विकत घेईपर्यंत तो कपाटात लावू नये, किंवा वहीत ‘अपुरा संच’ असे स्पष्ट लिहून वाचकाला आधी सांगावे. जी मालिका अजून संपलेली नाही ती संपेपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही. उलट शेवट कसा आहे हे पाहून घेण्याची संधी समितीला मिळते. समितीत निदान एक सभासद 20 वर्षांच्या आतला असावा, आणि त्याला फक्त हजेरीपुरते बसवू नये. जुन्या संचांच्या बाबतीत दोन-तीन वाचनालयांनी आपसात ठरवले तर एकाकडे पहिला-दुसरा आणि दुसऱ्याकडे तिसरा-चौथा असे विखुरलेले भाग एका ठिकाणी आणता येतील. वडगाव, शहापूर आणि टिळकवाडी यांच्यामधले अंतर सायकलने कापता येण्याजोगे आहे, मान-अपमानाचे अंतर मात्र कधीकधी जास्त भरते.

शिवाय पैसा न लागणारी एक गोष्ट आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, मांडव भरतो. एवढ्या जिव्हाळ्याने गावपातळीवर संमेलने भरवणारा दुसरा प्रदेश मला माहीत नाही. त्या मांडवात मुलांना एकतर स्वागतगीत म्हणायला उभे करतात किंवा ‘वाचनसंस्कृती’ या विषयावर उपदेश ऐकायला बसवतात. त्याऐवजी अर्ध्या तासाचे एक सत्र असे ठेवावे की दोन-तीन मुलांनी कोणत्याही भाषेत वाचलेल्या एका मालिकेचा शेवट मराठीत सांगायचा, तो पटला की नाही आणि का, हे श्रोत्यांसमोर मांडायचे, आणि समोरच्या मुलांनी त्यांना उलट प्रश्न विचारायचे. मोठ्यांनी त्या अर्ध्या तासात ध्वनिक्षेपक हातात घ्यायचा नाही, ही एकच अट. सत्राच्या अध्यक्षपदी कोणाला बसवायचे यावर संयोजकांत वाद होईल हे मला दिसते आहे. तो टाळायचा असेल तर अध्यक्षच ठेवू नये.